फॉरमॅट मारावं लागेल

लॅपटॉप चालू होत नाही म्हणून तुम्ही दुकानात जा. स्क्रीन काळी असो, निळी असो, नुसता कंपनीचा लोगो येऊन थांबलेला असो, नाहीतर ते पांढरे ठिपके गोल गोल फिरत बसलेले असोत. काउंटरपलीकडचा मुलगा एकदा बटण दाबतो, दहा सेकंद बघतो आणि निकाल देतो, "विंडोज उडालीय. फॉरमॅट मारावं लागेल."

मी मूळचा धाराशिवचा. (माझ्या सगळ्या मार्कलिस्टांवर उस्मानाबाद आहे. नाव अधिकृतरीत्या बदललं २०२३ मध्ये, आणि आमच्या आईच्या तोंडी ते आधीपासूनच धाराशिव होतं.) पोटापाण्यासाठी पुण्यात कोड लिहितो. महिन्यातून एखाद्या वीकांताला घरी गेलो की चहाच्या आधी कुणाचा तरी लॅपटॉप मांडीवर येतो. "तू कॉम्प्युटरमधला ना?" झालं. मी सर्व्हरवर चालणारे प्रोग्रॅम लिहितो, लॅपटॉप दुरुस्त करणं हा माझा धंदा नाही, हे सांगणं मी कधीच सोडून दिलंय. डोळ्याच्या डॉक्टरलासुद्धा लग्नात लोक गुडघे दाखवतातच की!

तर इतक्या वर्षांत असे बरेच लॅपटॉप मांडीवर येऊन गेले. त्यातल्या निम्म्याहून जास्त लॅपटॉपांना फॉरमॅटची गरज नव्हती, आणि काहींच्या बाबतीत फॉरमॅट मारणं हा निव्वळ घात होता. फॉरमॅट हे निदान नाही. डोकं दुखतंय म्हटल्यावर सरसकट सलाइन लावण्यासारखा तो प्रकार आहे. पण याचं खापर एकट्या दुकानदारावर फोडायला मी तयार नाही. त्याकडे येतोच.

आधी थोडं तांत्रिक. घाबरू नका, एसटीने समजावतो.

धाराशिवहून पुण्याला निघालेली एसटी पोचली नाही, तर आपण काय विचारतो? कुठपर्यंत आली होती? येडशीला दिसली होती का? बार्शी सोडली का? कुर्डुवाडी, टेंभुर्णी? गाडी स्टँडवरूनच निघाली नसेल तर डिझेल नाहीतर ड्रायव्हर बघायचा. टेंभुर्णीपुढे थांबली असेल तर डिझेल नव्हतं असं म्हणण्यात अर्थ नाही. लॅपटॉपचंही तसंच आहे. बटण दाबल्यापासून तुमचा वॉलपेपर दिसेपर्यंत पाच-सहा थांबे असतात. पहिला थांबा विजेचा. मग मदरबोर्डवरचा एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. त्याला जुने लोक बायोस म्हणतात, नव्या मशीनमध्ये तो यूईएफआय असतो. तो मेमरी, कीबोर्ड, डिस्क अशी सगळ्यांची हजेरी घेतो. हजेरी झाली की डिस्कवरच्या एका ठरलेल्या जागेहून बूटलोडर उचलतो. बूटलोडर विंडोजचा गाभा मेमरीत आणतो, गाभा ड्रायव्हर लावतो, आणि सगळ्यात शेवटी तुमचा पासवर्ड विचारला जातो.

म्हणजे प्रत्येक थांब्याचा आजार वेगळा, आणि तो दिसतोही वेगळा. बटण दाबल्यावर दिवाच लागत नाही? विंडोजचा काही संबंध नाही. चार्जर, चार्जिंगची पिन, बॅटरी बघा. चार्जर काढून पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा (बॅटरी निघणारी असेल तर तीही काढून) आणि मग नुसत्या चार्जरवर चालू करून बघा. आत अडकून राहिलेला विद्युतभार निघून जातो आणि काही मशीन एवढ्यावरच उठून बसतात. पंखा फिरतोय, दिवे लागलेत, पण पडदा काळा? मोबाइलचा टॉर्च तिरका धरून स्क्रीनवर मारा. मागे अंधुक चित्र दिसलं तर बिचारा लॅपटॉप व्यवस्थित चालू आहे, फक्त स्क्रीनमागचा दिवा गेलाय. टीव्हीला एचडीएमआय केबल लावून खात्री करता येते. मशीन टूं टूं वाजतंय? तो मेमरीचा ओरडा असू शकतो. मेमरीची पट्टी काढून, पुसून परत बसवली की बऱ्याचदा गप्प होतं. आणि "बूट डिव्हाइस सापडत नाही" असं लिहून येत असेल तर बायोसमध्ये जाऊन डिस्कचं नाव दिसतंय का ते बघायचं. नाव नसेल तर विंडोज कुठे टाकणार आहात? हवेत?

यातल्या एकाही आजारावर फॉरमॅट हे औषध नाही. फॉरमॅटचा विचार सुरू होतो तो टेंभुर्णीच्या पुढे, विंडोजच्या हद्दीत. तिथेही तो शेवटचा उपाय. लागोपाठ दोन-तीनदा सुरू होता होता मशीन पडलं, की विंडोज १० आणि ११ आपणहून दुरुस्तीचा निळा पडदा दाखवतात. तिथून सेफ मोडमध्ये जाता येतं, शेवटचं अपडेट काढता येतं, आधीच्या तारखेला परत जाता येतं. एक्सपीच्या जमान्यातही एफ८ दाबलं की 'लास्ट नोन गुड कॉन्फिगरेशन' नावाचा पर्याय यायचा. काय सुंदर कल्पना होती ती! काल जे नीट होतं तिथे परत चला. ते पान उघडून बघितलेली माणसं मला फार कमी भेटली.

आता एक छोटा प्रसंग. जुलै २०२३चा शेवटचा आठवडा. त्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला होता आणि मुदत होती ३१ जुलैची. (ती नंतर तीन दिवस वाढली, पण हे तेव्हा कुणाला ठाऊक?) माझा आत्तेभाऊ कळंब तालुक्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवतो. दारात सोयाबीनवाल्या शेतकऱ्यांची रांग, हातात सातबारे, बँकेची पासबुकं. आणि सकाळी त्याचा फोन, "दादा, लॅपटॉप चालूच होईना गेलाय बघ. लोगो येतंय आन् तिथंच थांबतंय." शहरातल्या दुकानाने फोनवरच निकाल दिला होता. फॉरमॅट, पाचशे रुपये, दोन दिवस.

मी विचारलं, "लोगोखाली ठिपके फिरतात का?"

"न्हाई. नुसतं नाव येतंय कंपनीचं."

म्हणजे गाडी येडशीतच होती, विंडोजचा नंबर यायचाच होता. "लॅपटॉपला काय काय जोडलंय?" तर प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, माऊस, एक कार्ड रीडर आणि हे सगळं जोडायला एक यूएसबी हब. म्हटलं, सगळं काढ. अगदी माऊससुद्धा. बंद कर आणि चालू कर.

चालू झाला. मग एकेक वस्तू परत लावत गेलो, आणि कार्ड रीडर लावून मशीन सुरू केलं की गाडं अडायचं. वीस रुपयांचा चहा होईपर्यंत गुन्हेगार सापडला. यात माझी काही हुशारी नाही. 'बाहेरचं सगळं काढून बघा' ही कुठल्याही मॅन्युअलमधली पहिल्या पानावरची सूचना आहे. दोन दिवस केंद्र बंद राहिलं असतं तर त्या रांगेतल्या किती जणांनी दुसऱ्या गावाची वाट धरली असती, नि किती जणांनी विम्याचा नादच सोडला असता, हे मात्र मला आजही नीट सांगता येणार नाही.

दुसरा प्रसंग सांगायचा की नाही, याचा मी बराच विचार केला.

वडिलांचे एक मित्र आहेत, निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. त्यांचं मूळ गाव जिल्ह्याच्या दक्षिणेकडे, भूकंपाच्या पट्ट्यात. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, लोक गणपती बोळवून दमून झोपलेले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. गुरुजींनी निवृत्तीनंतर एक काम हातात घेतलं होतं. भूकंपातून वाचलेल्या आपल्या गावच्या माणसांकडे जायचं, त्यांना बोलतं करायचं, आणि घरी येऊन ते त्यांच्याच भाषेत टाइप करायचं. कुणाचं घर कुठे होतं, वाड्यात कोण कोण झोपलं होतं, कुणाला कुणी बाहेर काढलं. चार वर्षांचं काम. एका बोटाने टाइप केलेलं, जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटमध्ये.

त्यांचा लॅपटॉप आधी नुसता मंद झाला. चालू व्हायला दहा मिनिटं. मग मधूनच निळी स्क्रीन. मग एक दिवस विंडोजच्या दारातच अडकला. दुकानात नेला. "फॉरमॅट मारावं लागेल. डेटा काही महत्त्वाचा आहे का?" गुरुजींना डेटा म्हणजे काय ते कळलं नाही. ते म्हणाले, "तसं काही नाही, माझं लिखाण आहे फक्त."

दोन दिवसांनी लॅपटॉप परत आला. एकदम चकाचक आणि झपाझप. आठवड्याभराने डिस्कमधून टक् टक् आवाज यायला लागला आणि ती कायमची गेली.

तांत्रिकदृष्ट्या काय झालं ते सांगतो, कारण तुमच्या घरी हे उद्या होऊ शकतं. मंद होणं, मधूनच अडकणं, सुरू होताना डिस्क तपासत बसणं, हा विंडोजचा आजार नव्हता. डिस्क मरत होती. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात, आणि ती नोंद वाचून दाखवणारे फुकट प्रोग्रॅम आहेत. ती वाचायला दोन मिनिटं लागतात. अशा डिस्कला आराम द्यायचा असतो. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं, विंडोजला हातही न लावता आधी फायली दुसरीकडे उतरवायच्या. पेनड्राइव्हवरून पूर्ण लिनक्स चालतं हे अजूनही अनेकांना जादू वाटते, पण नॉपिक्सची सीडी २००० सालापासून हेच करत आली आहे. उलट फॉरमॅट करून नवी विंडोज टाकणं म्हणजे शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसाच्या डोक्यावर सिमेंटचं पोतं देणं.

आणखी एक. साध्या झटपट फॉरमॅटने मजकूर लगेच पुसला जात नाही. पुसली जाते ती अनुक्रमणिका. पानं तिथेच असतात, पण त्यांच्यावर नवी विंडोज येऊन बसते तेव्हा ती खरी जातात. त्यामुळे चुकून फॉरमॅट झालंच, तर त्या क्षणी मशीन बंद करणं एवढंच आपल्या हातात असतं. हे जुन्या, फिरत्या डिस्कचं. एसएसडी असेल तर ती मोकळ्या झालेल्या जागा स्वतःहून साफ करून टाकते, आणि मग पुण्यातल्या डेटा रिकव्हरीवाल्यांकडेही फारसं काही उरत नाही.

गुरुजींनी त्यांच्यातल्या काही मुलाखतींच्या प्रिंट काढून त्या त्या माणसांना नेऊन दिल्या होत्या. त्या झेरॉक्स आम्ही गोळा केल्या. बाकीच्यांपैकी काही माणसं आता नाहीत. गुरुजींनी कुणालाच बोल लावला नाही. दुकानदाराला तर नाहीच. मला मात्र राग आला होता आणि तो घेऊनच मी त्या दुकानात गेलो.

तिथे जे ऐकलं त्याने माझा राग बराचसा निवला. दुकानदार माझ्याच वयाचा. म्हणाला, "साहेब, मला काय डिस्क तपासता येत नाही होय? येतंय की. पण एक तास घालवून बघितलं, आन् केबल सैल होती म्हणून सांगितलं, तर गिऱ्हाईक म्हणतंय, एवढंच? मग कसले पैसे? फॉरमॅट मारलं म्हणलं की पाचशे रुपये गपचूप निघतात."

आता यावर काय बोलणार? आपण सगळे हेच करतो. डॉक्टर नाडी बघून "काही नाही, आराम करा" म्हणाले तरी आपण त्यांची फी देतो. वकिलाने "दावा टाकू नका" म्हटलं तरी देतो. आणि दुकानदार म्हणाला की लॅपटॉपला काही झालं नव्हतं, तर आपल्याला फसवल्यासारखं वाटतं. पैसे द्यायचे ते काहीतरी 'केल्याचे', शोधल्याचे नाहीत. मग धंदा करणारा माणूस जे विकलं जातं तेच विकणार. फॉरमॅटला डोकं लागत नाही, अर्ध्या-पाऊण तासात होतं, एका वेळी चार मशीन लावता येतात, आणि दर ठरलेला. शिवाय त्यावर भांडण होत नाही. गिऱ्हाइकाने फायली गेल्याची तक्रार केलीच, तर "विचारलं होतं की" हे उत्तर तयार असतं.

पुण्यातही वेगळं चित्र नाही हो. फक्त तिथे काउंटरला काच असते आणि फॉरमॅटला 'ओएस री-इन्स्टॉलेशन' म्हणतात. आणि आपण आयटीवाले तरी कुठे वेगळे? प्रोडक्शनमध्ये काही अडकलं की आपलाही पहिला मंत्र "रीस्टार्ट करून बघ" हाच. लॉग वाचणाऱ्याला कुणी शाबासकी देत नाही. रात्री दोनला सर्व्हर परत उभा करणाऱ्याला मात्र टाळ्या मिळतात.

मोठ्या प्रमाणावर हेच बघायचं असेल तर १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या वेळेनुसार सकाळी साधारण पावणेदहाला एक सदोष फाइल जगभर पाठवली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ते ८५ लाख लॅपटॉप आणि सर्व्हर जर "विंडोज उडालीय"वाल्या पद्धतीने हाताळले असते तर? उपाय काय होता, तर सेफ मोडमध्ये जायचं, एका फोल्डरमधली एक फाइल पुसायची आणि परत चालू करायचं. हे कळलं कारण कुणीतरी शोधत बसलं की गाडी नेमकी कुठे थांबते, आणि ती थांबण्याच्या आधी सगळ्यांत शेवटी काय बदललं.

त्या दिवशी अनेक कंपन्यांचा वेळ गेला तो वेगळ्याच गोष्टीत. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद होत्या आणि ४८ आकडी किल्ली सापडत नव्हती. हे आता घरच्या लॅपटॉपलाही लागू आहे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्ट खात्याने नवा लॅपटॉप सुरू केला की डिस्क बहुतेकदा आपोआप कुलूपबंद होते. किल्ली त्या खात्यात जमा असते. ते खातं कुणाच्या ईमेलवर उघडलं होतं, दुकानातल्या मुलाच्या की तुमच्या, हे आजच बघून ठेवा. किल्ली नसेल तर लिनक्सचा पेनड्राइव्हसुद्धा त्या डिस्कपुढे हात टेकतो.

फॉरमॅट कधीच करू नये असं मी म्हणत नाही. डिस्क धडधाकट आहे, फायली उतरवून घेतल्यात, आणि आत व्हायरसांची जत्रा भरलीय, तर खुशाल करा. जुनं मशीन विकताना कराच. पण दुसऱ्या फायली कुठे उतरवल्यात ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय "हो, मारा" म्हणू नका. "डेटा महत्त्वाचा आहे का" या प्रश्नाला "नाही" असं उत्तर देण्याआधी आईचे फोटो, टॅलीची बिलं, मुलाचा प्रोजेक्ट, डिजिटल सहीचं सॉफ्टवेअर, श्रीलिपीचे फाँट हे सगळं त्या एका शब्दात येतं हे आठवा. आणि दुकानदाराला सरळ सांगा, "नुसतं बघून सांगायचे किती घेणार? काही केलं नाही तरी ते देतो." हे वाक्य बोलल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो ते मी दोन-तीनदा पाहिलंय. बसायला खुर्ची मिळते.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत परांडा-भूमकडे घराघरांत पाणी शिरलं, तेव्हा त्या भागातून आलेला एक भिजलेला लॅपटॉप याच पद्धतीने वाचला. घरच्यांनी तो तांदळाच्या डब्यात ठेवला होता. (तांदळाने काही होत नाही, उलट पिठूळ धूळ आत जाते.) पण त्यांनी एक गोष्ट अचूक केली होती. बटण दाबून 'चालू होतोय का' हे बघितलं नव्हतं. ओल्या बोर्डात वीज सोडली की सगळं संपतं. त्या दुकानदाराने उघडून, साफ करून, पूर्ण वाळवून चालू केला. तपासणीचे दोनशे आधी ठरले होते, साफसफाईचे वेगळे. दोन दिवस लागले आणि एक फाइलही गेली नाही. ज्याच्याकडे मी रागाने गेलो होतो, तोच हा.

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून त्याच्याकडे नवीनच गर्दी आहे. "११ टाकून द्या" म्हणणाऱ्यांची. त्यातली बरीच मशीन ११ साठी पात्रच नाहीत. त्याने आता काउंटरवर एक पाटी लावलीय, 'तपासणी फी रु. २००, काम करा वा नका करू'. धंदा वाढला का, विचारलं तर म्हणाला, "दहातले चार जण पाटी वाचून परत जातात."

पुढच्या शनिवारी घरी चाललोय. दोन लॅपटॉप वाट बघतायत म्हणे. एक चुलत्यांचा, चालू होतो आणि बरोबर तीन मिनिटांनी मरतो. बहुधा पंख्यात धूळ साठलीय, ब्रश बॅगेत टाकलाय. दुसरा नुसता "टूं टूं करालाय".